रिचार्जचा हिशेब : मिनिट, किलोबाइट आणि दिवस

भारतातला बहुसंख्य मोबाइल ग्राहक फोनसाठी जो नियमित खर्च करतो, त्याला रोजच्या बोलण्यात 'रिचार्ज' म्हणतात. पैसे आधी भरायचे, सेवा नंतर वापरायची आणि रक्कम किंवा मुदत संपली की पुन्हा भरायचे, असा हा व्यवहार आहे. देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मोबाइल जोडण्या याच प्रीपेड पद्धतीच्या आहेत. १९९५ पासूनच्या तीन दशकांत दर प्रचंड उतरले, हे सर्वज्ञात आहे. त्याच काळात मोजमापही बदलत गेले. ग्राहक आधी मिनिटे विकत घेत होता, पुढे सेकंद, मग किलोबाइट, नंतर रोजचा ठरावीक डेटा. आज तो मुख्यतः दिवस विकत घेतो. जे मोजले जाई त्यातच बचत करता येई. त्यामुळे प्रत्येक मोजमापाबरोबर काटकसरीची रीत बदलली आणि अँड्रॉइड फोन हाती आल्यावर ती फोनच्या सेटिंगपर्यंत पोचली.

मिनिटाचा काळ

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. देशातला हा पहिला मोबाइल कॉल मानला जातो. त्या वेळी कॉल करण्याचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत होता, आणि आलेला कॉल घेण्यासाठीही मिनिटाला ८ रुपये ४० पैसे पडत. मुंबईत बीपीएल मोबाइल आणि मॅक्स टच या दोन कंपन्यांनी सेवा सुरू केली. मॅक्स टचचे नाव पुढे ऑरेंज, हच आणि व्होडाफोन असे बदलत गेले. उर्वरित महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातमध्ये बिर्ला आणि अमेरिकेची एटी अँड टी यांची संयुक्त कंपनी आली. टाटा त्यात सामील झाल्यावर बिर्ला, एटी अँड टी आणि टाटा या तिघांच्या नावांवरून तिला गमतीने 'बटाटा' म्हटले जाई. २००२ पासून ती 'आयडिया' नावाने ओळखली जाऊ लागली.

येणाऱ्या कॉलला पैसे पडण्यामागे जमाखर्चाचे कारण होते. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करणारा फक्त लँडलाइनचा दर देई. मोबाइल कंपनीच्या वाट्याला त्यातून काही येत नसे, म्हणून ती आपल्या ग्राहकाकडून दोन्ही दिशांच्या 'एअरटाइम'चे पैसे घेई. परिणामी फोन वाजला की आधी नंबर पाहायचा, शक्य असेल तर कॉल कापायचा आणि जवळच्या पीसीओवरून परत करायचा, ही पद्धत पडली. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ त्या काळात मोबाइलचे पूरक साधन होते.

परवाने सर्कलवार दिलेले असल्याने दरांना भूगोलाचीही चौकट होती. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण यांचे एक सर्कल, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा यांचे दुसरे. कोल्हापूर आणि पणजी दूरसंचाराच्या नकाशावर एका घरात होते, पण पुण्याच्या ग्राहकाला मुंबई परकी होती. मुंबईत उतरला की तो 'रोमिंग'वर जाई आणि आलेल्या कॉलचेही पैसे कापले जात. मुंबई व महाराष्ट्र यांच्यातले कॉल एकाच सेवाक्षेत्रातले मानण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला. देशांतर्गत रोमिंगचे शुल्क मात्र कंपन्यांनी पूर्णपणे काढले ते २०१७ मध्ये.

दर उतरण्याची सुरुवात धोरणातून झाली. १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर कंपन्यांनी मोठमोठ्या रकमांच्या बोली लावून परवाने घेतले होते आणि ठरलेले शुल्क भरताना त्या टेकीला आल्या. १९९७ मध्ये 'ट्राय' हे नियामक प्राधिकरण स्थापन झाले. १९९९ च्या नव्या धोरणाने ठोक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली. एमटीएनएल आणि बीएसएनएल या सरकारी कंपन्या मोबाइल सेवेत उतरल्या. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने सेवा सुरू केली आणि पुढच्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत फोन हाती देणारी योजना काढली. १ मे २००३ पासून 'फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे' हे तत्त्व लागू झाले आणि येणारे कॉल फुकट झाले. मोबाइल भाजीविक्रेत्याच्या, रिक्षावाल्याच्या आणि गवंड्याच्या हाती गेला तो या एका बदलानंतर. त्यांना फोन मुख्यतः घेण्यासाठी हवा होता, आणि आता घेण्याला पैसे पडत नव्हते.

दहा रुपयांचे दुकान

महिन्याच्या बिलाची पोस्टपेड सेवा पगारदारांना सोयीची होती, पण तिला पत्त्याचा पुरावा आणि अनामत लागे, शिवाय बिल किती येईल याची धास्ती असे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रीपेड कार्डे आली. बीपीएलचे 'मॉट्स', एअरटेलचे 'मॅजिक', आयडियाचे 'चिटचॅट' ही नावे त्या पिढीच्या लक्षात आहेत. खरवडायचे कार्ड घ्यायचे, नाण्याने चंदेरी पट्टी खरवडायची, खालचा लांबलचक आकडा फोनमध्ये भरायचा आणि बॅलन्स आल्याचा मेसेज येईपर्यंत वाट पाहायची, असा हा विधी होता.

पुढे कार्डाची जागा इलेक्ट्रॉनिक रिचार्जने घेतली. दुकानदाराकडे कंपनीचे खास सिम असे, ज्याला धंद्यात 'लापू' म्हणत. वितरक त्यात पैसे भरी आणि दुकानदार तिथून ग्राहकाच्या नंबरवर हवी ती रक्कम टाकी. छापील कार्डाचा खर्च वाचल्याने अगदी छोट्या रकमाही परवडू लागल्या, आणि १० रुपयांचा 'छोटा रिचार्ज' रूढ झाला. शांपूच्या पुडीने जे न्हाणीघरात केले तेच या रिचार्जने फोनच्या बाबतीत केले. रोजंदारीवरच्या माणसाला त्या दिवसाच्या कमाईतून त्या दिवसापुरते बोलणे विकत घेता आले. किराणा दुकान, पानटपरी, झेरॉक्सचे दुकान, एसटी स्टँडवरचा पुस्तकांचा स्टॉल अशा सगळ्यांच्या दर्शनी भागावर कंपन्यांचे फलक लागले. पीसीओचे बूथ हळूहळू 'मोबाइल शॉपी' झाले.

ग्राहकाचा नंबर लिहून घेण्यासाठी काउंटरवर वही असे. गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने नंबर आणि रक्कम लिही, दुकानदार सवडीने रिचार्ज 'मारी'. ओळखीच्यांना उधारीही मिळे. मात्र उघड्या वहीत नंबर राहतो, याची बायका-मुलींना धास्ती वाटे. म्हणून घरातल्या पुरुषाला पाठवणे किंवा दूरच्या दुकानात जाणे चाले. नंबर न सांगता रिचार्ज करता येईल अशा योजना काही कंपन्यांनी बऱ्याच उशिरा काढल्या.

दहा रुपये भरले तरी दहा रुपयांचा टॉकटाइम मिळत नसे. कर आणि प्रक्रिया शुल्क वजा होई. जुलै २०१७ नंतर १८ टक्के जीएसटी लागू झाल्यावर १० रुपयांच्या टॉपअपमागे ७ रुपये ४७ पैसे मिळू लागले. या वजावटीवरून दुकानात वाद होत. २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांत ट्रायने व्हाउचरचे रंगच ठरवून दिले. प्लॅनसाठी लाल, टॉपअपसाठी हिरवा आणि खास दरांसाठी पिवळा. विकत घेतलेली गोष्ट नेमकी कोणती, हे ग्राहकाला दिसावे असा त्यामागचा हेतू होता.

मिस कॉल आणि सेकंद

कॉल उचलला गेला तरच पैसे कापले जातात, या नियमातून मिस कॉलची प्रथा निघाली. 'निघालो', 'पोचलो', 'खाली ये', 'तू फोन कर' असे निरोप एक-दोन रिंगांत दिले जात आणि किती रिंगांचा अर्थ काय, हे घराघरांत ठरलेले असे. कोणी कोणाला मिस कॉल द्यायचा यालाही संकेत होता. मुलगा आईवडिलांना, मजूर मुकादमाला, भाडेकरू मालकाला मिस कॉल देई. पैसेवाल्याने परत फोन करणे अपेक्षित असे. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या लोकपाल आंदोलनाला पाठिंबा नोंदवण्यासाठी मिस कॉलचा वापर झाला. पुढे राजकीय पक्षांनी सभासद नोंदणीसाठी आणि बँकांनी खात्यावरची शिल्लक कळवण्यासाठी हीच युक्ती उचलली.

दरयुद्धात मोजमाप आणखी बारीक झाले. १ मार्च २००६ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी 'वन इंडिया' योजनेत देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया असा दर लावला. २००९ मध्ये टाटा डोकोमो सेकंदाला एक पैसा हा हिशेब घेऊन आली. तोवर एक मिनिट दोन सेकंदांच्या बोलण्यालाही दोन मिनिटांचे पैसे पडत, त्यामुळे ५५ सेकंदांवर नजर ठेवून फोन ठेवण्याची सवय लागली होती. प्रतिस्पर्ध्यांनाही काही महिन्यांतच सेकंदाचा हिशेब स्वीकारावा लागला. जानेवारी २०११ मध्ये नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर लागू झाली आणि ग्राहकाच्या हाती आणखी एक हत्यार आले.

एसएमएसची वेगळी अर्थव्यवस्था होती. महिन्याचा एसएमएस पॅक मारला की मेसेज जवळजवळ फुकट पडे, पण दिवाळी, नववर्ष अशा 'ब्लॅकआउट' दिवशी पॅक चालत नसे आणि प्रत्येक शुभेच्छेचे पूर्ण पैसे कापले जात. म्हणून पाडव्याच्या शुभेच्छा आदल्या रात्रीच पाठवल्या जात. जाहिरातींच्या मेसेजना आवर घालण्यासाठी ट्रायने २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली आणि लवकरच ती २०० केली. तोवर तरुण ग्राहक इंटरनेटवरून मेसेज पाठवण्याकडे वळू लागला होता.

किलोबाइटचा काळ

साध्या फोनवर इंटरनेट आले ते जीपीआरएसच्या रूपाने. पॅक नसेल तर १० किलोबाइटला १० पैसे हा दर सर्रास असे. ऐकायला तो किरकोळ वाटे, पण त्या हिशेबाने एका एमबीला सुमारे १० रुपये, चार-पाच एमबीच्या गाण्याला ४०-५० रुपये आणि एका जीबीला दहा हजारांहून अधिक रुपये होतात. अनेक फोनांवर इंटरनेटचे बटण मधोमध असे. ते चुकून दाबले गेले की पान उघडण्याआधी लाल बटण दाबायची घाई होई, कारण तेवढ्यातही बॅलन्समधून काही पैसे गेलेले असत.

या दरांमुळे गाणी आणि चित्रपट इंटरनेटवरून क्वचितच उतरवले जात. मोबाइल शॉपीतला संगणक हाच गावाचा इंटरनेट होता. ग्राहक मेमरी कार्ड काढून देई आणि दुकानदार ठरलेल्या पैशांत ते भरून देई. भक्तिगीते, लावण्या, कोळीगीते, वरातीतली डीजेची गाणी आणि नवे हिंदी चित्रपट यांचे फोल्डर तयार असत. हा व्यवहार बहुतांशी स्वामित्वहक्काचा भंग करणारा होता. तरीही अनेक वर्षे ग्रामीण भागातला करमणुकीचा पुरवठा याच मार्गाने झाला. तिथून पुढे गाणी ब्लूटूथने हातोहात फिरत.

२०१० मध्ये थ्रीजी लहरींचा लिलाव झाला आणि सरकारला त्यातून ६७ हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले. एवढी रक्कम मोजलेल्या कंपन्यांना ती डेटाच्या दरांतून वसूल करायची होती. नंतरची बरीच वर्षे थ्रीजीचा एक जीबीचा महिन्याचा पॅक अडीचशे रुपयांच्या आसपास राहिला. एअरटेलने २०१२ मध्ये फोरजीला सुरुवात केली. कोलकाता आणि बंगळुरूनंतर पुणे हे तिसरे शहर होते. मात्र ती सेवा प्रामुख्याने डोंगल आणि मोडेम वापरणाऱ्यांची होती. सर्वसामान्य ग्राहक टूजीवरच राही आणि पाच-दहा रुपयांचे एका दिवसाचे, नाहीतर मध्यरात्रीनंतरचे स्वस्त 'नाइट पॅक' वापरी.

अँड्रॉइड हाती आला

भारतात अँड्रॉइड फोन २००९ मध्ये एचटीसीच्या महागड्या फोनांपासून आले. २०१० नंतर मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा, स्पाइस या देशी नाममुद्रांनी आणि सॅमसंगच्या 'गॅलेक्सी वाय'सारख्या छोट्या फोनांनी ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. जुलै २०१४ मध्ये शाओमी आली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला गुगलने 'अँड्रॉइड वन' मालिकेची सुरुवात भारतातून केली आणि सुमारे ६,४०० रुपयांना हे फोन बाजारात आले.

जुना फोन आणि अँड्रॉइड यांच्यात खर्चाच्या दृष्टीने मूलभूत फरक होता. जुना फोन इंटरनेट उघडले तरच डेटा वापरी. अँड्रॉइड खिशात असतानाही वापरी. ईमेल आणि संपर्क गुगल खात्याशी जुळवले जात, प्ले स्टोअर ॲप अद्ययावत करी, हवामानाचे विजेट आकडे आणी, आणि व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आपोआप उतरत. पॅक संपला तरी डेटा चालू राही आणि मुख्य बॅलन्समधून किलोबाइटच्या दराने पैसे कापले जात. सकाळी भरलेले पन्नास रुपये दुपारी गायब झाल्याची तक्रार त्या काळात दुकानादुकानांत ऐकू येई. ट्रायने २०१५ मध्ये यावर नियम केला. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सुरू करता येणार नाही, आणि तो चालू-बंद करण्यासाठी १९२५ हा क्रमांक ठरला. पॅकमधला किती डेटा वापरला गेला, याच्या टप्प्याटप्प्याच्या सूचना पाठवणेही कंपन्यांवर बंधनकारक झाले.

ग्राहकांनी स्वतःही एक शिस्त बसवली. नेट लागेल तेव्हाच चालू करायचे आणि काम झाले की बंद. वरून बोट ओढून डेटाचे चिन्ह दाबणे ही बहुतेक अँड्रॉइडधारकांना सर्वात आधी जमलेली क्रिया होती. 'नेट ऑन कर, फोटो टाकलाय' असे सांगायला साधा कॉल केला जाई. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करणे, प्ले स्टोअरला 'फक्त वायफायवर' असे बजावणे, कार्यालयात किंवा महाविद्यालयात वायफाय मिळाले की आठवड्याची अपडेट उरकून घेणे, हे या शिस्तीचे पुढचे धडे होते. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गुगल यांनी मुंबई सेंट्रल स्थानकापासून मोफत वायफायची योजना सुरू केली. पुढच्या अडीच वर्षांत ती ४०० स्थानकांपर्यंत गेली. केवळ डाउनलोड करण्यासाठी फलाटावर बसणारे विद्यार्थी आणि हमाल हे तिथले नेहमीचे दृश्य झाले.

अशा ग्राहकांसाठी सॉफ्टवेअरही बदलले. ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझर हे वेबपान आपल्या सर्व्हरवर लहान करीत आणि मग फोनवर धाडीत, म्हणून ते टूजीवरही चालत. अँड्रॉइडच्या ४.० या आवृत्तीत, २०११ मध्ये, कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला याचा आलेख आणि ठरावीक आकड्यावर डेटा तोडण्याची मर्यादारेषा आली. २०१६ च्या ७.० आवृत्तीत पडद्याआडच्या वापराला लगाम घालणारा 'डेटा सेव्हर' आला. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने भारतात व्हिडिओ ४८ तासांसाठी फोनवर साठवून नंतर नेटशिवाय पाहण्याची सोय दिली. अँड्रॉइड वनच्या ग्राहकांना एअरटेलच्या सिमवर सहा महिने प्रणालीची अपडेट मोफत आणि ॲप उतरवायला महिन्याला २०० एमबी असा करार गुगलने केला होता. फोनची किंमत परवडली तरी तो चालवण्याचा खर्च परवडेलच असे नाही, याची ती कबुलीच होती. शेअरइट आणि झेंडर या ॲपांनी ब्लूटूथची जागा घेतली. नेट न वापरता दोन फोनांत थेट वायफाय जोडून ती मोठ्या फायली पाठवीत. २०२० च्या जूनअखेर बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपांत शेअरइट, झेंडर आणि यूसी ब्राउझर तिन्ही होती, पण तोवर त्यांची मूळ गरज बरीच ओसरली होती.

डेटा महाग असताना तो ठरावीक संकेतस्थळांपुरता फुकट देण्याचाही प्रयत्न झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्याने महाराष्ट्रासह सहा राज्यांत अशी योजना सुरू केली, जी पुढे 'फ्री बेसिक्स' नावाने ओळखली गेली. गरिबाला थोडे तरी इंटरनेट मिळेल, असा समर्थकांचा दावा होता. कंपनी ठरवेल तेवढेच इंटरनेट गरिबाला मिळेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. देशभर वाद झाल्यावर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळा डेटा दर लावण्यास मनाई केली.

रोजचा जीबी

रिलायन्स इंडस्ट्रीजने २०१० मध्ये देशभर परवाना असलेली इन्फोटेल ब्रॉडबँड ही कंपनी विकत घेतली होती. सहा वर्षांच्या उभारणीनंतर ५ सप्टेंबर २०१६ रोजी 'जिओ'ची सेवा सर्वांसाठी खुली झाली. नवी मुंबईतून चालणाऱ्या या जाळ्यात टूजी किंवा थ्रीजी नव्हतेच. बोलणेही डेटाच्याच रूपात जाई, त्यामुळे कॉलसाठी वेगळे पैसे न घेणे तिला शक्य झाले. वर्षअखेरीपर्यंत सगळे फुकट होते आणि ही सवलत पुढे मार्च २०१७ पर्यंत वाढली. सिमसाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या. सहा महिन्यांच्या आत ग्राहकसंख्या १० कोटींवर गेली. एप्रिल २०१७ मध्ये ३०९ रुपयांत ८४ दिवस रोज एक जीबी असा प्लॅन आला आणि बाकीच्या कंपन्यांना त्याच साच्यात उतरावे लागले.

ट्रायच्या आकडेवारीनुसार एका जीबीमागे कंपन्यांना मिळणारे सरासरी उत्पन्न २०१४ मध्ये सुमारे २६९ रुपये होते. २०१८ मध्ये ते १२ रुपयांच्या आत आले. त्याच काळात माणशी मासिक वापर पाव जीबीच्या आसपास होता तो साडेसात जीबींच्या वर गेला. या पडझडीत अनेक जुन्या कंपन्या टिकल्या नाहीत. एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला, आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. मुंबईतली बीपीएल त्याआधीच 'लूप' होऊन २०१४ मध्ये बंद पडली होती.

मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा एक-दोन वर्षांत संपला. काटकसरीचे स्वरूपही उलटे झाले. पूर्वी डेटा वाचवावा लागे, आता तो वाया जाऊ नये याची काळजी लागली, कारण रोजचा कोटा मध्यरात्री संपे आणि उरलेला पुढच्या दिवशी मिळत नसे. दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येई आणि मेसेजपलीकडे काही चालत नसे. म्हणून रात्री अकरानंतर उरलेला डेटा 'संपवण्या'साठी मालिका उतरवल्या जात, किंवा ज्याचा कोटा शिल्लक असेल त्याच्याकडे 'हॉटस्पॉट दे' अशी मागणी होई. एकाच घरातले चार फोन परस्परांना आळीपाळीने डेटा पुरवत. आठवड्याचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देण्याची सोय व्होडाफोन आयडियाने २०२० मध्ये आणली, ती याच सवयीवर बेतलेली होती.

दिवसाचा काळ

कॉल अमर्याद आणि डेटा भरपूर झाल्यावर विकायला उरली ती मुदत. २००६ च्या सुमारास सुमारे हजार रुपयांत 'लाइफटाइम' वैधता विकली गेली होती आणि कित्येकांनी केवळ फोन घेण्यासाठी अशी सिमे जपली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज आवश्यक केला. तो न केल्यास आधी जाणारे आणि मग येणारे कॉल बंद होऊ लागले. २००३ मध्ये रद्द झालेले येणाऱ्या कॉलचे शुल्क मासिक भाड्याच्या रूपात परत आले, असा याचा व्यावहारिक अर्थ होता. दोन सिमांच्या फोनमध्ये एक डेटासाठी आणि एक जुन्या नंबरसाठी ठेवणाऱ्यांना याची झळ बसली. जुना नंबर बँक, आधार आणि गॅस जोडणीला जोडलेला असल्याने सोडताही येत नसे. तरी अनेकांनी दुसरे सिम बंद पडू दिले.

२८ दिवसांची मुदत हाही वादाचा विषय झाला. चार आठवड्यांच्या 'महिन्या'मुळे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात आणि रिचार्जची तारीख दर महिन्याला मागे सरकत जाते. ठरल्या तारखेला पगार किंवा पेन्शन मिळणाऱ्यांना ते विशेष अडचणीचे होते. तक्रारी वाढल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवण्याचा आदेश दिला.

मार्च २०२० मधल्या टाळेबंदीने डेटा ही शिक्षणाची गरज बनवली. एका अँड्रॉइड फोनवर दोन-तीन भावंडांचे वर्ग भरत आणि रोजचा दीड जीबी दुपारच्या आत संपे. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात पैशांइतकाच रेंजचा प्रश्न होता; मुले टेकडीवर जाऊन अभ्यास करीत. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते त्यांच्यासाठी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पाठमालिका दाखवली गेली.

दरांची घसरण त्याआधीच थांबली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकीत शुल्काच्या प्रकरणात कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि डिसेंबरात तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा वाढ झाली. जुलै २०२४ मध्ये जिओचा २८ दिवस रोज दीड जीबीचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला, एअरटेलचा तसाच प्लॅन २९९ वरून ३४९ वर. एअरटेलचा २८ दिवसांचा सर्वात स्वस्त नेहमीचा प्लॅन १९९ रुपयांचा झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेले फाइव्हजी वरच्या दराच्या प्लॅनांपुरते मर्यादित होऊ लागले. या वाढीनंतर काही ग्राहक नंबर कायम ठेवून बीएसएनएलकडे वळले. इतरांनी ८४ किंवा ३६५ दिवसांचा रिचार्ज एकदम करून दिवसाचा दर खाली आणला. मात्र त्यासाठी हजारांतली रक्कम एकरकमी हाताशी लागते.

रिचार्जची जागाही बदलली. मोबिक्विक, फ्रीचार्ज आणि पेटीएम या सेवांचा आरंभ २००९-१० च्या सुमारास ऑनलाइन रिचार्जपासून झाला. २०१६ नंतर यूपीआयमुळे हे काम प्रत्येक अँड्रॉइड फोनवर होऊ लागले, आणि पुढे काही ॲपांनी त्यावर एक-दोन रुपयांचे शुल्कही लावले. मोबाइल शॉपीत आता कव्हर, काचा आणि दुरुस्ती हेच मुख्य उत्पन्न आहे. रिचार्जसाठी तिथे येतात ते प्रामुख्याने वयस्क आणि रोख व्यवहार करणारे ग्राहक.

याच वर्गाचा प्रश्न २०२४ च्या अखेरीस नियमांत आला. साधा फोन वापरणाऱ्याला किंवा दुसरे सिम केवळ चालू ठेवणाऱ्याला एकत्रित प्लॅनमुळे नको असलेल्या डेटाचेही पैसे मोजावे लागत होते. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे खास व्हाउचर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. दुकानात कागदी व्हाउचर फारसे उरले नसल्याने २०१२ चे लाल, हिरवे, पिवळे रंग रद्द झाले. जानेवारी २०२५ मध्ये खासगी कंपन्यांनी डेटाविना प्लॅन बाजारात आणले, आणि बोलणे व डेटा यांचे पैसे वेगवेगळे भरण्याचा पर्याय प्रीपेड ग्राहकाला पुन्हा मिळाला. त्यांचेही मोजमाप मात्र दिवसांचेच आहे.